हुतूतूतला 'ह'

मला लिहायला-वाचायला माझ्या नवऱ्यानं शिकवलं, तेही लग्नानंतर. म्हणून आज मी 'आम्ही' आणि 'तुम्ही' नीट लिहिते. माहेरी इंदुरीला होते तोवर आम्ही 'आमी' होतो आणि त्यात आमचं काही अडत नव्हतं. मावळात 'ह' या अक्षराला दावं म्हणून नाहीच. जिथं त्यानं असावं तिथून तो निघून जातो आणि जिथं त्याचं काही काम नाही तिथं जाऊन बसतो. 'आम्ही'मधला गेला, पण 'इथं'चं 'हितं' झालं. एकूण काय, 'ह' गाव सोडून जात नाही, नुसती घरं बदलतो. या एका अक्षरापायी माझं पहिलं बाळंतपण कसं अडून बसलं होतं, ते सांगते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-चार वर्षं आधीची गोष्ट. माझं सासर कान्ह्याचं, शेतकऱ्याचं. नवरा मात्र गावच्या शाळेत मास्तर. पुण्याला जाऊन मास्तरकीचं शिकून आले ते शुद्ध बोलणं घेऊनच आले. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "शिकाया गेलं तवर पोरगं बरं हुतं." घरात आई 'न्हाई' म्हणाली की मास्तर हळूच 'नाही' म्हणायचे, आणि सासूबाईंना वाटायचं पोरगं आपल्याला नाही म्हणतंय. मग दोघांची जुंपायची.

पुण्याहून मास्तरांनी आणखी एक गोष्ट आणली होती, हुतूतूच्या छापील नियमांचं पुस्तक. तोवर आमच्याकडे हुतूतूला नियम होते पण ते कुणी छापले नव्हते. मधे एक रेघ ओढायची, एका दमात 'हुतूतूतू' म्हणत समोरच्यांत घुसायचं, शिवायचं आणि दम संपायच्या आत रेघेला परत यायचं. ज्याला शिवलं तो मेला. धरून ठेवलं आणि दम गेला तर आपण मेलो. एवढंच. मास्तरांच्या पुस्तकात मात्र पानंच्या पानं होती, आणि त्यातल्या एका ओळीत असं होतं की 'हुतूतू' हा शब्द स्पष्ट आणि सलग उच्चारला पाहिजे.

स्पष्ट या शब्दावर मास्तरांचा फार जीव. कान्ह्याच्या पोरांना त्यांनी चांगले दोन-तीन महिने शाळेच्या अंगणात रांगेत उभं करून 'हु' शिकवला. रोज सकाळी गावभर 'हु, हु, हु' ऐकू यायचं. आमच्या शेजारच्या मावशींना वाटलं, सरकारनं शाळेत पाखरं हाकायचं शिक्षण चालू केलंय. त्या म्हणाल्या, "चांगलं हाय, ज्वारीच्या वक्ताला उपेगी पडंल."

दुसऱ्या बाजूला माझे वडील. त्यांना आम्ही घरात आबा म्हणायचो, सारी इंदुरीच म्हणायची. किल्ल्याच्या अंगाला आमची तालीम होती, तिथं ते संध्याकाळी पोरांना खेळवायचे. तरुणपणी ते स्वतः नावाजलेले गडी. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट कुठल्याशा चढाईत मोडून वाकडं बसलं होतं, आणि पोरांना काही समजावताना ते नेमकं तेच बोट उगारायचे. त्यामुळे ते उत्तरेकडं जा म्हणाले की पोरं पूर्वेकडं पळायची. आबांचा नियम एकच होता, दम असेल तो जगेल.

चैत्रात कान्ह्याच्या जत्रेला दोन्ही गावांच्या पोरांची मॅच ठरली. तेरा-चौदा वर्षांची पोरं. जावई एकीकडं, सासरा दुसरीकडं, म्हणून गंमत बघायला आसपासची गावं लोटली. मला पाचवा महिना होता. देवळाच्या भिंतीच्या सावलीला बायकांत बसून मी बघत होते आणि मनात ठरवलं होतं की दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी आपण पदर तोंडाला लावून बसायचं.

पंच म्हणून आंबीचे गार्डबाबा आले होते. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता घरी बसलेले. त्यांना हुतूतूतलं किती कळायचं, कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे शिट्टी होती. लाल आणि हिरवं निशाणही होतं, आणि त्यांचे कुठल्याच गावात लागेबांधे नव्हते. याहून जास्त पंचात काय बघायचं?

माणूस मात्र नियमाचा. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांनी मास्तरांना आणि आबांना समोर उभं केलं. गडी किती, रेघ कुठली, मेलेला गडी परत जिवंत होणार का, बाहेर गेला तर काय, सगळं एकेक विचारलं. दोघांनी सगळ्याला 'बरोबर' म्हटलं. सासरे-जावई एकमेकांकडं बघून हसलेसुद्धा. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दोन माणसं इतकी एकमतानं बोलत असली की समजावं, भांडण कशावर होणार हे अजून दोघांनाही ठाऊक नाही.

खेळ सुरू झाला. कान्ह्याची पोरं शिकवल्याप्रमाणं 'हुतूतू, हुतूतू' असा प्रत्येक 'हु' छाती फुगवून म्हणत जायची आणि निम्म्या वाटेत त्यांचा वारा संपायचा. इंदुरीची पोरं तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत यायची आणि शिवून जायची. मास्तर रेघेच्या कडेनं धावत होते. "हु स्पष्ट! हु स्पष्ट!" पोरं स्पष्ट म्हणायची आणि मरायची.

शेवटी कान्ह्याचे दोनच गडी उरले. इंदुरीचा एक पोरगा चढाईला आला. बारीक चणीचा, पण आबांचा सगळ्यात लाडका गडी. दोघांनाही शिवला, गर्रकन वळला आणि रेघेवर येऊन पडला. इंदुरीच्या लोकांनी टोप्या उडवल्या. मास्तरांनी हात वर केला.

"गार्डबाबा, हा गडी बाद आहे," ते म्हणाले. "तो हुतूतू म्हणालाच नाही. उतूतू म्हणाला."

आबा पुढं आले. "मास्तर, पोराचा दम कुटं तुटला त्ये दावा."

"मामा, दम तुटला असं मी म्हणतच नाही. दम सुरूच झाला नाही, असं माझं म्हणणं आहे."

हे वाक्य मास्तरांनी घरून तयार करून आणलं असावं असं मला आजही वाटतं. आबांना ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ते लाल झाले.

"आमी 'हुतं' म्हंतो, 'हितं' म्हंतो. 'ह' आमच्यात ढिगानं पडलाय. पोरानं पळताना येक गिळला आसंल तर काय खंडोबा कोपला व्हय?"

"नियमात शब्द हुतूतू आहे."

"म्हंजी आमची बोली खोटी?"

"बोलीचा प्रश्न नाही, मामा, खेळाचा आहे."

"खेळ आमी खेळतो, तुमी निस्तं वाचता."

आता हे बोलणं सासरा-जावयाचं राहिलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांची तोंडं गार्डबाबांकडं वळली. गार्डबाबांनी आधी मास्तरांकडं बघितलं, मग आबांकडं, मग एकदम लांब शिट्टी फुंकली आणि लाल निशाण वर केलं.

"म्होरनं लाइन किलेर मिळाल्याबिगर गाडी हलायची न्हाई," ते म्हणाले. "मॅच हितंच हुबी." आणि निशाण गुंडाळून काखेत घालून ते आंबीला चालते झाले.

झालं. मॅच जिंकली नाही, हरली नाही, संपलीही नाही. आबा जाताना सासूबाईंना म्हणाले, "ईनबाई, मास्तर माज्या गड्याचा दम खरा म्हनत्याल, त्या दिवशी मी तुमच्या उंबऱ्याला पाय लावीन." आणि माझ्याकडं न बघता गाडीत बसले.

आता हे बोलणं ऐकायला मर्दानी वाटतं, पण त्याचा अर्थ काय तो देवळाच्या भिंतीशी बसलेल्या प्रत्येक बाईला कळला. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि माहेरी जायचं तर माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला यावा लागतो. मला भाऊ नव्हता. मुराळी म्हणजे आबाच. सातवा लागला की ते न्यायला येणार होते, आणि ज्येष्ठाच्या पावसानं गाडीवाट चिखलात जायच्या आत मी इंदुरीला पोचायला हवी होती. माझ्या आईजवळ. मला आई हवी होती, बाकी काही नको होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फार भीती वाटत होती.

मास्तरांना मी एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "मी कुठं अडवतोय? त्यांनी यावं. दार उघडं आहे." इंदुरीहून आईचा निरोप कासारणीबरोबर आला. ती बांगड्या भरायला दोन्ही गावांत हिंडायची. ती म्हणाली, "तुजी आय म्हंती, बापाला सांगून सांगून तोंड दुकलं. त्यो म्हंतो, मी कुटं न्हाई म्हंतो? मास्तरानं निस्तं येकदा म्हनावं, दम खरा हुता." दोघंही अडवत नव्हते. मी मात्र अडले होते.

गावात वेगळाच घोळ. ती शेवटची दोन पोरं, ज्यांना शिवलं होतं, ती ना मेलेली ना जिवंत. गल्लीत खेळायला गेली की बाकीची म्हणायची, "आदी तू मेलास का त्ये ठरव, मंग ये." त्यातल्या एकाची आई आमच्या दाराशी येऊन मास्तरांना बोलून गेली. "माज्या धडधाकट पोराला म्हयनाभर 'मेला का, मेला का' इच्यारत्यात. काय त्ये येकदाचं सांगून टाका." मास्तरांनी तिला पुस्तकातली ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "मास्तर, तुमी वाचू नगा, बोला."

मला विचाराल तर पंचानं निकाल द्यावा. चुकला तरी द्यावा, पण त्याच संध्याकाळी द्यावा. चुकलेल्या निकालाला माणसं चार दिवस शिव्या देतात आणि पाचव्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. न दिलेला निकाल घराघरांत शिरून बसतो. आणि पोरांना शिकवणाऱ्यानं पंचाशी एकदाच बोलावं, हळू बोलावं आणि गुमान आपल्या जागेवर जाऊन बसावं. पोरांचं काय, ती त्याच संध्याकाळी जत्रेत एकाच पाळण्यात बसून ओरडत होती. कुणाच्या ओरडण्यात 'ह' होता, देव जाणे.

वैशाख असाच गेला. मास्तरांचं डोकं त्या 'ह'भोवतीच फिरत होतं. एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर म्हणाले, "तू एकदा हुतूतू म्हणून दाखव. 'ह' घालून आणि 'ह' न घालता. दम कशात जास्त टिकतो बघू."

मी म्हटलं, "मला सातवा लागायला आलाय. नुसतं उटून बसले तरी दम लागतो."

"तेच तर पाहायचंय," ते म्हणाले.

मी हातातलं पीठ परातीत आपटलं आणि सासूबाईंकडं जाऊन रडले. सासूबाई जात्यावर होत्या. त्यांनी खुंटा सोडला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या गार्डाला सांगावा धाडते. शिट्टी घिऊन ये म्हनावं. ज्यानं हुबी केली त्यानंच हालवावी."

अशी ज्येष्ठाच्या तोंडावर शाळेच्या अंगणात पंचायत भरली. गार्डबाबा शिट्टी, निशाणं घेऊन आले. आबा इंदुरीहून गाडी घेऊन आले, सोबत तो चढाईचा पोरगा. गाडी त्यांनी सोडली नाही, अंगणाबाहेर रस्त्यावरच बैल जुंपलेले ठेवून उभी केली. बोलल्याप्रमाणं उंबऱ्याला पाय लावायचा नव्हता ना. पण मी लांबून बघितलं, गाडीत ताजं गवत पसरलं होतं आणि त्यावर आईची गोधडी होती. मला ती गोधडी बघूनच गलबलून आलं.

गार्डबाबांनी विचार करून तोडगा आणला होता. पोरानं सगळ्यांसमोर पुन्हा त्या दिवसासारखा दम धरून दाखवायचा. सगळ्यांनी कान देऊन ऐकायचं, 'ह' आहे का नाही, आणि मग निकाल. दोघांनी मान डोलावली. पुन्हा एकमत. मी कपाळाला हात लावला.

पोरगा पुढं आला. मला तो ओळखूच येईना. दोन महिन्यांत ताडमाड वाढला होता, ओठावर काळी रेघ आली होती. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आतून आधी रेडा बोलल्यासारखा आवाज निघाला, मग तोच मधेच फाटून बारीक झाला आणि पुन्हा रेडा आला. पोरं खाली बसून हसायला लागली. पुरावाच वयात आला होता.

"म्हन की रं नीट," आबा म्हणाले.

पोरगा रडकुंडीला आला. "कंच्यात म्हनू, आबा? दोन निगत्यात."

मास्तर म्हणाले, "हा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही." आबा म्हणाले, "तुमच्या पायीच पोराचं आसं झालं." गार्डबाबांनी काखेतल्या गुंडाळीला हात घातला, आणि माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आता पुन्हा लाल निशाण काढणार. आकाश भरून आलं होतं. एकदा वाट बुडाली की मग दिवाळीच.

मी उठले. सुना बाप्यांच्या पंचायतीत बोलत नव्हत्या, मीही बोलले नाही. अंगणातून सरळ चालत बाहेर गेले, चाकावर पाय दिला आणि गाडीत चढून आईच्या गोधडीवर बसले. मुराळ्यानं चहा घेतलेला नाही, ओटी भरलेली नाही, नवऱ्याला विचारलेलं नाही.

मग मी एवढंच म्हटलं, "गार्डबाबा, गाडी सुटतीय. शिट्टी मारा."

माणसानं तीस वर्षं जे केलं ते हाडात जातं. गार्डबाबांनी शिट्टी फुंकली आणि हिरवं निशाण कधी बाहेर आलं ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. शिट्टीला बैल बुजले आणि गाडी खरंच सुटली.

मग जे झालं ते बघायला मी पैसे दिले असते. आबा धोतराचा सोगा धरून पळत आले आणि जुवाजवळ उडी मारून बसले. बायको सातव्या महिन्यात एकटी गाडीतून चाललेली बघून मास्तर कोट, टोपी तिथंच टाकून धावत सुटले आणि मागून चढले. त्यांच्या मागं सासूबाई, पदरात खण-नारळ आणि तांदूळ घेऊन. "आगं, वटी तरी भरूंदे" म्हणत त्यांनी मागून पळता पळताच माझी ओटी भरली. निम्मे तांदूळ माझ्या ओटीत पडले, निम्मे मास्तरांच्या डोक्यावर.

गाव मागं पडल्यावर दोघांनी एकदमच तोंड उघडलं. मी हात वर केला. "ह्या गाडीत त्या मॅचचा येक शबुद जो काढंल त्यो खाली उतरंल आन् चालत यील," मी म्हटलं. "मग त्यो बाप आसू नायतर नवरा."

आबा बैलांच्या पाठीकडं बघत होते, मास्तर मागच्या धुळीकडं, आणि मी मधे. त्या दोन महिन्यांत एका पोराच्या श्वासाबद्दल या दोघांनी किती बोलावं? माझ्याकडं बघून, तुला कसं वाटतंय, हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मला दोघांचाही राग आला होता आणि त्या रागानंच मी ताठ बसले होते.

तळेगावच्या अलीकडं ओढ्याच्या उताराला चाक दगडावरून उतरलं. माझ्या पाठीतून कळ गेली आणि तोंडातून "आई गं" निघालं.

"दम धर," आबा म्हणाले.

"दम धर," मास्तरही म्हणाले, त्याच क्षणी.

दोघांचे चेहरे पडले. नियम मीच केला होता, आणि त्यात 'दम' हा शब्द बसतो का नाही, यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. आबांनी कासरे ओढून गाडी थांबवली आणि वळून माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "तिच्या पाटीमागं गोदडी सरकवा जरा."

"सरकवली, मामा," मास्तर म्हणाले. "बैल हळू घ्या."

चैत्रापासून सासऱ्या-जावयात भांडणाशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं, आणि ते माझ्या पाठीबद्दल होतं.